क्युबिटलाही कान असतात: माझ्या एका चुकलेल्या आकड्याची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)



सुरुवात करण्याआधी एक छोटं काम. मी आता पाच सेकंद गप्प बसणार आहे. तेवढ्या वेळात तुमच्या आजूबाजूला काय काय ऐकू येतंय, ते बोटांवर मोजा. चला.

(पाच सेकंद शांतता)

किती झाले? माझ्याकडे चार. पंखा. फ्रिजची घरघर. लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं. आणि खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय, तिची ती ट्यून. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुद्दाम शांत वेळ बघून रेकॉर्डिंगला बसलो, तरी ही अवस्था.

हे चारही आवाज मी बोलत होतो तेव्हाही चालूच होते बरं का. फक्त लक्ष नव्हतं. आजचा विषय हाच आहे. माणसाला नाही, पण एका चिपवरच्या इवल्याशा सर्किटला आजूबाजूचं सगळं कसं ऐकू जातं, आणि आपण ते कसं मोजतो. सर्किटचं नाव सुपरकंडक्टिंग क्युबिट. क्वांटम कॉम्प्युटरच्या बातम्यांमध्ये तो सोनेरी झुंबरासारखा फोटो असतो ना, त्याच्या तळाशी ही चिप बसवलेली असते.

पण हे सगळं मी फक्त विज्ञान म्हणून सांगत नाहीये. यात मी तोंडावर पडलोय. तिथूनच सुरू करतो.

४१ चे ५८

मी बीटेक झालो, चार वर्षं अगदी साधी सॉफ्टवेअरची नोकरी केली. वेबसाइटचं बॅकएंड, डेटाबेस, रात्री-बेरात्री येणारे अलर्ट. मग एका टीममध्ये संधी मिळाली. काम काय, तर लॅबमधल्या क्युबिटना सिग्नल पाठवणारं आणि त्यांची उत्तरं वाचणारं सॉफ्टवेअर लिहायचं. टीमचं नाव सांगत नाही, गरजही नाही.

सहा महिन्यांनी मी कोडमध्ये एक बदल केला. सिग्नलच्या टायमिंगमध्ये थोडी दुरुस्ती होती. बदलाआधी क्युबिटची स्मृती ४१ मायक्रोसेकंद टिकत होती. बदलानंतर मोजली तर ५८. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ! मी खुर्चीवरून उठलोच. मॅनेजरला मेसेज केला. त्यांनी तो आकडा स्लाइडवर टाकला आणि स्लाइड पुढे वरिष्ठांकडे गेली. अप्रेझलचे दिवस होते, हेही सांगून टाकतो.

दोन दिवसांनी लॅब सांभाळणाऱ्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या.

"किती वेळा मोजलंस?"

"तीन वेळा, मॅडम. दोन्ही कोडवर तीन-तीन वेळा."

"कधी?"

"जुना कोड मंगळवारी दुपारी. नवा बुधवारी सकाळी."

त्या क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग तू कोडची तुलना केलेली नाहीस. मंगळवार आणि बुधवारची तुलना केलीस."

मला तेव्हा राग आला होता. त्यांना नक्की काय म्हणायचंय, हे समजायला मला एक रात्र आणि बरंच वाचन लागलं. ते सगळं आता तुम्हाला वीसेक मिनिटांत सांगतो.

काटा नावाची नाजूक वस्तू

क्युबिट म्हणजे काय? ॲल्युमिनियमसारख्या धातूचं सर्किट, सिलिकॉन किंवा नीलमण्याच्या तुकड्यावर बनवलेलं. त्यात एक जोसेफसन जंक्शन असतं. दोन सुपरकंडक्टर आणि मध्ये ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा पातळ पापुद्रा. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी हे भाकीत केलं की या पापुद्र्यातून प्रवाह आरपार जाऊ शकतो. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा सर्किटला ऊर्जेच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे शून्य, तिच्या वरची म्हणजे एक. १९९९ मध्ये जपानमध्ये एनईसीच्या नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी असं सर्किट पहिल्यांदा क्युबिटसारखं चालवून दाखवलं. ते काही नॅनोसेकंदच टिकलं. आज चांगले क्युबिट शेकडो मायक्रोसेकंद टिकतात.

शून्य आणि एक यांच्या मधली जी अवस्था असते, तिला एका घड्याळाचा काटा समजा. हा काटा सेकंदाला साधारण ५ अब्ज फेऱ्या मारतो, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. काटा कुठे आहे हे आपल्याला माहीत असेल, तोवरच क्युबिट कामाचा.

आता हिशोब करा. समजा नॉइजमुळे काट्याचा वेग फक्त १० किलोहर्ट्झने बदलला. ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेत हा फरक दहा लाखांत दोन इतकाच. तुमचं मनगटावरचं घड्याळ इतकं चुकलं, तर दिवसभरात पाव सेकंदाचाही फरक पडणार नाही. पण क्युबिटमध्ये ५० मायक्रोसेकंदांनंतर काटा बरोब्बर अर्धी फेरी चुकलेला असतो. बारा वाजायला हवेत तिथे सहा वाजलेले. आणि मधल्या काळात आपल्याला कुणी सांगायला आलेलं नसतं.

म्हणजे जी गोष्ट क्युबिटला कॉम्प्युटर म्हणून वाईट बनवते, तीच त्याला मोजमापाचं उत्तम यंत्र बनवते. त्याला सगळं ऐकू येतं! त्याच्या आसपासचा नॉइज मोजायला त्याच्याहून तिखट कानाचं दुसरं काही शोधायला नको.

आधी दारं-खिडक्या लावून घ्या

नॉइज येतो तरी कुठून? पहिला दरवाजा म्हणजे तारा. आपला सिग्नल बाहेरून, खोलीच्या तापमानातून येतो, आणि ज्या तारेतून सिग्नल येतो तिच्यातूनच उष्णताही येते. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास, खोलीच्या तापमानाला असलेल्या तारेत सरासरी १२५० च्या घरात फोटॉन गोंगाट करत असतात. क्युबिटला एक-एक फोटॉन कळतो. मग काय होणार?

म्हणून ते झुंबर. त्याला डायल्युशन रेफ्रिजरेटर म्हणतात. वरून खाली एकेक मजला जास्त थंड होत जातो. ४ केल्विन, मग एक केल्विनच्याही खाली, मग ०.१, आणि तळाला साधारण ०.०१ ते ०.०२ केल्विन. अंतराळाचं तापमान २.७ केल्विन आहे, म्हणजे हा तळमजला त्याहून शंभरपटींनी थंड.

तारेवर प्रत्येक टप्प्यात ॲटेन्युएटर बसवतात. त्यांची नेहमीची मांडणी अशी असते की तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्पा सिग्नल शंभरपट कमी करतो. तीन टप्प्यांत दहा लाखपट. १२५० फोटॉनांचे उरले हजारात एक-सव्वा. पण मग तिन्ही टप्पे एकदम वरच का नाही लावत? कारण ॲटेन्युएटर स्वतःही तापमानाप्रमाणे गोंगाट करतो. गरम ठिकाणी लावला तर जेवढा अडवेल तेवढाच स्वतः घालेल. म्हणून तो थंड मजल्यावर ठेवून तिथल्या तिथे अडवायचा. आपल्याकडे पाणी एकदा जाड कपड्यातून, मग बारीक कपड्यातून गाळतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथे प्रत्येक गाळणी आधीच्या गाळणीपेक्षा स्वच्छ असावी लागते.

दुसरा दरवाजा चुंबकीय क्षेत्राचा. त्यासाठी चिपभोवती खास धातूची कवचं असतात. तिसरा दरवाजा गमतीदार आहे. ज्या यंत्राने फ्रिज थंड होतो, ते यंत्रच धडधडतं! या पल्स ट्यूबचा ठोका सेकंदाला साधारण १.४ वेळा पडतो. लॅबमध्ये उभं राहिलं की टप-फुस्स, टप-फुस्स असा आवाज दिवसभर येत असतो. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएलच्या गटाने २०२४ मध्ये दाखवून दिलं की या ठोक्याच्या कंपनामुळे अनेक क्युबिटमध्ये एकाच वेळी चुका होऊ शकतात. शांतता राखायला बसवलेला वॉचमनच घोरतोय, असं काहीसं.

तीन कान

दारं लावली तरी आत काहीतरी येतंच. ते मोजायच्या मुख्य तीन पद्धती. मी त्यांना तीन कान म्हणतो.

पहिला कान, टी-वन. क्युबिटला एकच्या पायरीवर चढवा, थोडं थांबा, आणि बघा अजून वरच आहे की खाली उतरला. हे हजारो वेळा, वेगवेगळा वेळ थांबून करा. शंभरातले साधारण ३७ वर उरतात तो वेळ म्हणजे टी-वन. क्युबिटच्या स्वतःच्या सुरातला, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा नॉइज या कानाला ऐकू येतो.

दुसरा कान, रॅमसे. काटा आडवा करून सोडून द्या, थोड्या वेळाने परत बघा. काटा जिथे असायला हवा तिथे आहे का? हा कान मंद नॉइज ऐकतो, म्हणजे सावकाश सरकत जाणारे बदल.

तिसरा कान, एको. हा समजायला शाळेच्या मैदानावर जाऊ. पीटीच्या सरांनी शिट्टी मारली, चाळीस पोरं पळत सुटली. कुणी जोरात, कुणी हळू. अर्ध्या मिनिटात सगळी पांगली. आता सर ओरडतात, "मागे फिर!" सगळे जागच्या जागी वळतात आणि आपापल्या त्याच वेगाने परत धावतात. जो जास्त पुढे गेला होता त्याला जास्त अंतर परत यायचंय, पण त्याचा वेगही जास्त आहे. त्यामुळे बरोबर अर्ध्या मिनिटाने सगळी पोरं एकाच वेळी रेषेवर! वेगातला फरक गायब.

एर्विन हान यांनी १९५० मध्ये हीच युक्ती अणुकेंद्रांच्या स्पिनवर दाखवली. क्युबिटमध्ये मधोमध एक पल्स दिला की काटा "मागे फिरतो", आणि सावकाश बदलणारा नॉइज आपोआप वजा होतो. पण एक अट आहे. पोरांनी वेग बदलता कामा नये. वळल्यावर एखाद्याला धाप लागली आणि तो मंदावला, तर तो रेषेवर वेळेत येणार नाही. म्हणजे एको मंद नॉइज पुसतो, चपळ नॉइज पुसू शकत नाही.

आणि इथे माझं सगळ्यात आवडतं वळण येतं. शिट्टी एकदाच का मारायची? दहा वेळा मारा, शंभर वेळा मारा. शिट्ट्यांचा जो ठेका असेल, साधारण त्याच ठेक्याचा नॉइज तेवढा ऐकू येतो, बाकीचा पुसला जातो. ठेका बदलत गेलात की रेडिओची सुई फिरवल्यासारखं एकेक स्टेशन लागतं. २०११ मध्ये एमआयटीमध्ये योनास बिलांडर आणि सहकाऱ्यांनी अशाच शेकड्यांनी शिट्ट्या मारून ०.२ ते २० मेगाहर्ट्झमधल्या नॉइजचा पूर्ण नकाशा काढला. नकाशासाठी वापरलेलं यंत्र कोणतं, तर तो क्युबिटच.

जितका मंद, तितका मोठा

त्या नकाशात काय दिसलं? एक उतरती रेघ. नॉइज जितका मंद, तितका तो जास्त. याला एक-भागिले-एफ नॉइज म्हणतात. सुपरकंडक्टिंग सर्किटमधला हा मंद चुंबकीय नॉइज बर्कलीत वेलस्टूड, उर्बिना आणि क्लार्क यांनी १९८७ मध्येच नोंदवला होता. यातले जॉन क्लार्क म्हणजे २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांच्यासोबत ज्यांना मिळालं ते. धातूच्या पृष्ठभागावर जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन असतात, त्यांचे स्पिन उलटसुलट होत राहतात आणि त्यातून हा नॉइज येतो, असं मानायला सबळ कारणं आहेत.

दुसरा गुन्हेगार ऑक्साइडच्या थरात लपलेला असतो. तिथे काही अणूंना बसायला दोन जागा असतात आणि ते एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर उड्या मारतात. अशा एखाद्या जोडीचा सूर नेमका क्युबिटच्या सुराशी जुळला, तर ती क्युबिटची ऊर्जा पिऊन टाकते आणि टी-वन धाडकन पडतो. त्रास असा की ही जोडी एका सुरावर राहत नाही, सरकत असते. २०१८ मध्ये गूगलच्या गटाने एकाच क्युबिटचा टी-वन वेगवेगळ्या सुरांवर आणि तासन्‌तास मोजत राहून हे सरकणं नकाशावर दाखवलं. म्हणजे दुपारी चांगला असलेला क्युबिट रात्री वाईट होऊ शकतो आणि सकाळी परत चांगला. कुणी हात न लावता.

आता माझा मंगळवार आणि बुधवार आठवा.

मी काय समजत होतो? एकदा मोजून शंका असेल तर तीनदा मोजा, सरासरी काढा, झालं. शाळेपासून हेच शिकलोय ना आपण. पण नॉइज जितका मंद तितका मोठा असेल, तर हे शहाणपण चालत नाही. जुना कोड आज आणि नवा उद्या, म्हणजे मध्ये अठरा तास. अठरा तासांत सावकाश सरकणारा नॉइज वाट्टेल तिथे जाऊन बसतो. मी तिथे तीनदा नाही, तीनशेदा मोजलं असतं तरी तीच चूक तीनशे वेळा छान नेमकेपणाने मोजली असती.

एका रात्रीच्या १४० फेऱ्या

मॅडमनी उपाय सांगितला तो इतका साधा होता की मला लाज वाटली. "जुना, नवा, टी-वन. जुना, नवा, टी-वन. रात्रभर लूप लाव. आणि घरी जा."

प्रत्येक मोजणीला दोन मिनिटं. सहा मिनिटांची एक फेरी. चौदा तासांत १४० फेऱ्या. मी घरी गेलो खरा, पण फोनवर ग्राफ उघडून बसलो होतो. आईने दोनदा विचारलं, "कुणाच्या मेसेजची वाट बघतोयस?" तिला काय सांगणार!

ग्राफवर दोन रेघा होत्या. निळी जुन्या कोडची, लाल नव्या कोडची. पहिल्या तासात लाल जरा वर होती. मी मनातल्या मनात मॅडमना उत्तर तयार करत होतो. मग दोन्ही रेघा एकमेकींत मिसळल्या. दोन्ही मिळून ६० च्या आसपास चढल्या. अडीचच्या सुमाराला दोन्ही एकदम खाली आल्या, ३५ पर्यंत, आणि त्यांच्याबरोबर टी-वनही. जवळपास तीन तास तिथेच. पहाटे परत वर. दोन्ही रेघा जोडीने चालत होत्या, जत्रेत हात धरून चालणाऱ्या भावंडांसारख्या. एक जिथे जाईल तिथे दुसरी.

सकाळी जोडी-जोडीने वजाबाकी केली. फरक एक मायक्रोसेकंदाहून कमी, आणि मोजणीतली अनिश्चितता त्यापेक्षा मोठी. म्हणजे माझ्या बदलाने काही बिघडलं नव्हतं, पण काही सुधारलंही नव्हतं. ४१ खरा होता, ५८ ही खरा होता. दोन्ही त्या क्युबिटच्याच रोजच्या चढ-उतारातले आकडे. खोटं होतं ते त्यांच्या मधलं "म्हणून".

लक्षात आलं का? अदलाबदल करत मोजणं म्हणजे पीटीच्या सरांचं "मागे फिर" च आहे. जुना-नवा-जुना-नवा केलं की दोघांवर सारखाच असलेला सावकाश नॉइज वजा होतो. क्युबिटवर मायक्रोसेकंदात जी युक्ती चालते, तीच माणसांच्या मोजणीवर मिनिटांत चालते. मी रोज एकोचा कोड लिहीत होतो आणि स्वतः मोजताना तो विसरलो होतो.

शिशाची भिंत वर, शिशाची भिंत खाली

हे करायला किती चिकाटी लागते याचं एक उदाहरण सांगतो.

प्रश्न असा होता की भिंतींच्या काँक्रीटमधला किरणोत्सर्ग आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण, हे क्युबिटला त्रास देतात का? एमआयटीच्या गटाने आधी तांब्याची चकती अणुभट्टीत ठेवून किरणोत्सर्गी केली. तांबे-६४, अर्धायुष्य १२.७ तास. ती चिपजवळ बसवली. चकतीचा किरणोत्सर्ग दिवसेंदिवस कमी होत गेला, तसतसा टी-वन वाढत गेला. म्हणजे संबंध आहे.

पण रोजच्या, साध्या किरणोत्सर्गाचा परिणाम फार लहान. तो टी-वनच्या नेहमीच्या चढ-उतारात बुडून जातो. मग त्यांनी फ्रिजभोवती शिशाच्या विटांची दोन टनांची भिंत उभी केली, आणि ती वर-खाली करायची सोय केली. दर दहा मिनिटांनी बटण दाबायचं. भिंत वर, मोजा. भिंत खाली, मोजा. आठवडेच्या आठवडे. विद्यार्थी आळीपाळीने बटण दाबत होते. शेवटी त्या चढ-उतारांतून एक छोटा पण खरा फरक वर आला. २०२० मध्ये 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा अंदाज असा की बाकी सगळा नॉइज घालवला, तरी अशा क्युबिटचं आयुष्य किरणोत्सर्ग साधारण ४ मिलिसेकंदांवर अडवेल.

मी हे वाचलं तेव्हा डोक्याला हात लावला. त्यांनी एक दिवस भिंत लावून आणि एक दिवस काढून मोजलं असतं, तर? त्यांना मंगळवार आणि बुधवार मिळाले असते.

सगळे एकदम चुकले तर?

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? चुका झाल्या तर एरर करेक्शन आहे ना. आहे. अनेक क्युबिट मिळून एकाची माहिती जपतात, एक चुकला तर बाकीचे सांभाळून घेतात. पण त्यात एक गृहीत आहे. सगळे एकाच वेळी चुकणार नाहीत. वर्गात एक मुलगा झोपला तर शेजारचा त्याला वही देईल. सगळा वर्गच झोपला तर वही कोण देणार?

आपल्या तळहातावर, आत्ता, समुद्रसपाटीला, दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातोय. आपल्याला पत्ताही नसतो. चिपमधून गेला की तो लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडू शकतो, आणि ॲल्युमिनियममधली इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हजारावा भागही लागत नाही. गूगलच्या गटाने २६ क्युबिट एकत्र, फार वेगाने पुन्हापुन्हा वाचून पाहिले. साधारण दर दहा सेकंदांनी एक फटका. चिपच्या एका कोपऱ्यात सुरू होऊन सगळीकडे पसरणारा, आणि शांत व्हायला मिलिसेकंदांचा वेळ घेणारा. क्युबिटच्या हिशोबात मिलिसेकंद म्हणजे अख्खा दिवस.

यावर उपाय निघतायत. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, १.४ किलोमीटर खडकाच्या आत सुपरकंडक्टिंग सर्किट नेऊन तपासली गेली आणि तिथे फटके कमी झालेले दिसले. चिपची रचना बदलूनही बराच फरक पडतो. २०२४ च्या गूगलच्या प्रयोगात सगळे क्युबिट एकदम चुकण्याचे प्रसंग साधारण तासाला एकवर आले होते. दहा सेकंदांवरून तासावर! पण ही सगळी प्रगती मोजता आली म्हणून झाली. जो फटका मोजलाच नाही, त्याच्याविरुद्ध कवच कुठे लावणार?

आपल्या जवळचं सांगायचं तर मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये हे क्युबिट बनवले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर आणि पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्युबिट मुंबईचे, नियंत्रण आणि मोजणीची यंत्रणा पुण्यात जुळवलेली, आणि क्लाउडवरून वापरायचं सॉफ्टवेअर टीसीएसचं. म्हणजे माझ्यासारख्या साध्या कोड लिहिणाऱ्यालाही या कामात जागा आहे. फक्त मोजायला शिकावं लागतं.

तो ईमेल

आता शेवट. त्या सकाळी माझ्याकडे १४० फेऱ्यांचा ग्राफ होता आणि वर गेलेली एक स्लाइड होती. खरं सांगू? एक मोह झाला. रात्रीच्या पहिल्या तासात लाल रेघ वर होती ना. फक्त तेवढाच तुकडा कापून दाखवला असता, तर? आकडे खरेच होते. कुणी विचारलंही नसतं.

अर्धा तास बसलो. मग मॅनेजरला ईमेल लिहिला. चारच ओळी. "स्लाइडवरचा ५८ चा आकडा कृपया काढावा. तो माझ्या बदलामुळे आलेला नाही. रात्रभर दोन्ही कोड आलटून-पालटून मोजले, फरक दिसला नाही. पूर्ण ग्राफ जोडला आहे." मॅडमना कॉपीत ठेवलं. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. अप्रेझलमध्ये काय झालं ते विचारू नका.

पण पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्या रात्रीचा अडीच वाजताचा खड्डा मागून घेतला. तीन तास टी-वन पडून होता, तो तुकडा. म्हणाल्या, "तुझ्या ५८ पेक्षा हा माझ्या जास्त कामाचा आहे. हा क्युबिट कुठल्या सुरावर ठेवू नये ते यातून कळतं." आता आमच्याकडे प्रत्येक तुलना आलटून-पालटूनच चालते. तो लूप मी लिहिलाय. माझ्या सगळ्या कोडमधला तोच सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा.

जाता जाता गृहपाठ. आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्युबिटचं मशीन क्लाउडवर सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि आता त्यांची मोठी मशीनही खातं उघडून बघता येतात. प्रत्येक क्युबिटचा टी-वन आणि टी-टू तिथे दिलेला असतो. कुठलाही एक क्युबिट निवडा. रोज एकदा त्याचा टी-वन वहीत लिहा. दोन आठवड्यांनी ग्राफ काढा. मग कुणी तुम्हाला छाती फुगवून एकच आकडा सांगितला, क्युबिटचा असो, फोनच्या बॅटरीचा असो की नव्या डाएटने उतरलेल्या वजनाचा, तर तुम्ही आपोआप विचाराल, "किती वेळा मोजलंत? आणि कधी?"

ग्राफ काढलात तर मला नक्की पाठवा. वाकडातिकडा आला तरी पाठवा. तो वाकडातिकडाच यायला हवा.

चला, त्या गाडीवाल्याचं पार्किंग झालं वाटतं एकदाचं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!